होम डिरेक्टरीमागचे मोजके हात : संगणक केंद्रप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठे, संशोधन संस्था आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या संगणक केंद्रांचे प्रमुख

विषय : नेटवर्क फाइल सिस्टिमच्या लिनक्स पॅकेजांच्या देखभालीत संस्थांनी वाटा उचलण्याबाबत



१४ जानेवारी २०२१, गुरुवार. महाराष्ट्रात संक्रांत होती. भारतीय वेळेनुसार दुपारी १ वाजून ५५ मिनिटे ३६ सेकंदांनी जगातल्या सगळ्या युनिक्स घड्याळांत १ जानेवारी १९७० पासूनचे १६१ कोटी ६ लाख १२ हजार ७३६ सेकंद पुरे झाले. हा आकडा हेक्साडेसिमलमध्ये लिहिला तर सहावर सात शून्ये येतात. त्या क्षणापासून ओपनएएफएस या नेटवर्क फाइल सिस्टिमच्या १.८.० ते १.८.६ या आवृत्त्या दगा देऊ लागल्या. चालू असलेली यंत्रे चालत राहिली. पण ज्याने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, त्याला आपल्या फाइली दिसेनात.

कारण लहान होते. ओपनएएफएसचे क्लायंट आणि सर्व्हर आरएक्स नावाच्या प्रोटोकॉलने एकमेकांशी बोलतात आणि प्रत्येक नव्या जोडणीला एक क्रमांक दिला जातो. १.८ मालिकेत पहिला क्रमांक यादृच्छिक असावा असे ठरले होते. तो तसा निवडलाही जात होता, पण नंतर त्याच जागी घड्याळावरून काढलेला आकडा लिहिला जात होता. क्रमांक मर्यादेच्या टोकाला पोचला तर पुढे काय करायचे, हे सांगणारा भागही चुकीचा लिहिलेला होता. घड्याळाने तो आकडा ओलांडला आणि दोन्ही चुका एकदम उघड्या पडल्या. नव्या जोडण्यांना वेगवेगळे क्रमांक मिळेनासे झाले.

मूळ प्रकल्पाने त्याच महिन्यात १.८.७ ही दुरुस्त आवृत्ती काढली. पण दुरुस्ती प्रसिद्ध झाली म्हणजे ती प्रयोगशाळेतल्या यंत्रावर पोचली असे होत नाही. त्या वेळच्या डेबियन १० या स्थिर आवृत्तीत ओपनएएफएस १.८.२ होते. स्थिर आवृत्तीत नवे वैशिष्ट्य घालायचे नाही, फक्त दोष काढायचा, असा डेबियनचा दंडक आहे. त्यामुळे १.८.७ सरसकट उचलून ठेवता येत नव्हते. त्यातली नेमकी दुरुस्ती वेगळी काढून जुन्या १.८.२ वर बसवावी लागली. ६ फेब्रुवारी २०२१ रोजी आलेल्या डेबियन १०.८ च्या यादीत तिची नोंद आहे, १४ जानेवारीच्या तारखेसह. यादीत ती एका ओळीची आहे. त्या ओळीमागे कोणीतरी जुना कोड वाचला, पॅच जुळवला, पॅकेज बांधले, तपासले आणि पाठवले.

हे पत्र त्या 'कोणीतरी'बद्दल आहे.

लिनक्सवर चालणारा प्रोग्राम लिहिणारे वेगळे असतात आणि तो डेबियन, फेडोरा, उबुंटू यांसारख्या वितरणांत बसेल असा बांधून देणारे बहुधा वेगळे असतात. बांधून देणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. मोठ्या लग्नात आचाऱ्याचे नाव होते, पण पंगत वेळेवर उठते ती वाढप्यांच्या जिवावर; मेंटेनरचे काम त्या वाढप्यांसारखे आहे. प्रोग्रामला कोणती लायब्ररी लागते, तिची कोणती आवृत्ती चालेल, सेटिंगची फाइल कुठे जाईल, सेवा कोणत्या क्रमाने सुरू होईल, जुन्या आवृत्तीवरून नव्यावर जाताना वापरकर्त्याने हाताने केलेले बदल कसे टिकतील, हे सगळे तो ठरवतो. आपण 'ॲप्ट इन्स्टॉल' असे लिहून एंटर दाबतो आणि अर्ध्या मिनिटात काम होते, त्यामागे हे निर्णय असतात.

आपल्या संस्थांशी याचा संबंध रोजचा आहे. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही यंत्रावर बसून लॉगिन केले तरी विद्यार्थ्याला त्याचीच होम डिरेक्टरी दिसते, ही सोय बहुतेक ठिकाणी एनएफएस देते. विंडोज आणि लिनक्स एकाच शेअरवर काम करतात, तिथे साम्बा असते. मोठ्या संगणन समूहांत लस्टर असते. पुण्यातल्या आयसरमधल्या परम ब्रह्म या महासंगणकाची साठवणही लस्टरवर आहे. यातले एखादे पॅकेज बिघडले तर एक प्रोग्राम बंद पडून भागत नाही. सगळा वर्ग थांबतो, आठवडाभर चाललेले गणित अडकते, आणि सर्वांत वाईट म्हणजे फाइल अर्धीच लिहिली गेली तर ते कित्येक दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

एनएफएसचेच उदाहरण घेऊ. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये ते तयार केले. दुसऱ्या आवृत्तीचे वर्णन १९८९ मध्ये आरएफसी १०९४ म्हणून प्रसिद्ध झाले, तिसरीचे १९९५ मध्ये आरएफसी १८१३ म्हणून. चौथी आवृत्ती २००० साली आली आणि २००३ मध्ये सुधारून पुन्हा मांडली गेली. ४.१ हे २०१० मध्ये आले, ४.२ हे २०१६ मध्ये. म्हणजे तंत्रज्ञान चाळिशी ओलांडलेले आणि तरी अजून बदलते आहे. लिनक्समध्ये त्याचे दोन भाग पडतात. प्रत्यक्ष फाइली वाचण्या-लिहिण्याचा भाग कर्नेलमध्ये असतो. माउंट करणे, कोणाला काय दाखवायचे ते ठरवणे, लॉकचा हिशोब ठेवणे, दोन यंत्रांवरची वापरकर्त्यांची नावे जुळवणे ही कामे एनएफएस-युटिल्स या संचातले प्रोग्राम करतात.

कर्नेल पुढे जात राहिले, पण डेबियनमधले एनएफएस-युटिल्स थांबले. २०१७ ची डेबियन ९, २०१९ ची डेबियन १० आणि २०२१ ची डेबियन ११, या तिन्ही स्थिर आवृत्त्यांत ते १.३.४ वरच होते. मूळ प्रकल्प तोवर २.५ पर्यंत पोचला होता. सेटिंग एकाच एनएफएस डॉट कॉन्फ या फाइलमधून करण्याची नवी पद्धत इतरत्र रुळली होती आणि तिच्यावरची माहितीपत्रे सर्वत्र मिळत होती. डेबियनच्या यंत्रावर ती फाइल लिहून काही उपयोग होत नव्हता, कारण तिथले प्रोग्राम ती वाचतच नव्हते. १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ मध्ये २.६.२ आले आणि ही कोंडी फुटली. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ ने २.६.१ घेतले होते.

इतकी वर्षे का लागली? आवृत्तीचा आकडा बदलणे हे काम अवघड नाही. अवघड आहे ते त्यानंतरचे. डेबियन आणि उबुंटूवर एनएफएसच्या सेटिंग वर्षानुवर्षे डिफॉल्ट फोल्डरमधल्या दोन वेगळ्या फाइलींत असायच्या, एक क्लायंटची आणि एक सर्व्हरची. किती थ्रेड चालवायचे, कोणते पोर्ट ठरवून द्यायचे, कर्बेरॉस लागते की नाही, हे तिथे लिहिले जाई. फायरवॉलमागे असलेल्या प्रत्येक सर्व्हरवर कोणीतरी तिथे पोर्टचे आकडे हाताने घातलेले होते. नवी आवृत्ती या फाइली पाहत नाही. पॅकेज नुसतेच बदलले असते तर एका रात्रीत हजारो यंत्रांवरचे पोर्ट पुन्हा मनमानी झाले असते आणि सकाळी फायरवॉलने माउंट अडवले असते. म्हणून अपग्रेड होत असतानाच जुन्या फाइली वाचून त्यांतला मजकूर नव्या पद्धतीने उतरवणारी स्क्रिप्ट पॅकेजसोबत द्यावी लागली. उबुंटू २२.०४ च्या प्रकाशन-टिपणात या बदलाची आणि या स्क्रिप्टची वेगळी नोंद केलेली आहे.

अशी स्क्रिप्ट लिहायला बसले की प्रश्न सुरू होतात. वापरकर्त्याने एखाद्या ओळीत दोन पर्याय एकत्र लिहिले असतील तर? टिपणीची खूण काढायची राहून गेली असेल तर? स्क्रिप्ट मध्येच थांबली आणि अपग्रेड पुन्हा चालवले तर आधीचे रूपांतर दोनदा होईल का? एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीतले लॉक सांभाळणारी स्टॅटडी ही सेवा स्वतःच्या वेगळ्या खात्यावर चालते. तिच्या फोल्डरची मालकी अपग्रेडमध्ये बदलली तर ती सुरूच होत नाही, आणि मग लॉक लागणाऱ्या प्रोग्रामांची माउंट अडते. यातले काहीही मेंटेनरच्या स्वतःच्या यंत्रावर दिसेलच असे नाही. ते दिसते ते दहा वर्षे वापरात असलेल्या, चार ॲडमिनिस्ट्रेटरांच्या हाताखालून गेलेल्या यंत्रावर. म्हणजे आपल्या संस्थेतल्या यंत्रावर.

कर्नेलकडूनही धक्के येतात. २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून क्लायंटमधला यूडीपीवरचा एनएफएस मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवला जातो. एकेकाळी एनएफएस यूडीपीवरच चालायचे आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या एफएसटॅब फाइलींत तो पर्याय अजूनही सापडतो. बदल योग्य होता. वेगवान नेटवर्कवर यूडीपीचे तुकडे चुकीचे जुळून फाइल बिघडण्याचा धोका खराच होता. पण कर्नेलमध्ये घेतलेल्या या निर्णयाची बातमी वापरकर्त्यापर्यंत वेळेवर पोचवणे, आणि जुना पर्याय दिसला तर समजेल असा संदेश देणे, हे वितरणाचे काम उरते.

मग यंत्र सुरू होण्याचा आणि बंद होण्याचा क्रम. होम डिरेक्टरी नेटवर्कवर असेल तर आधी नेटवर्क उठले पाहिजे, मग नावे शोधणारी सेवा, मग माउंट, मग लॉगिन. बंद होताना हाच क्रम उलटा. उलट क्रमात एक पायरी चुकली आणि माउंट सुटण्याआधी नेटवर्क गेले, तर यंत्र सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत पडद्यावर दीड मिनिटाची उलटी मोजणी दाखवत बसते. प्रयोगशाळेतल्या साठ यंत्रांवर हे झाले की शिपाई बटण दाबून यंत्रे बंद करू लागतो, आणि अर्धवट लिहिलेल्या फाइलींची खरी अडचण तिथून सुरू होते. या क्रमाच्या ओळी सिस्टिमडीच्या युनिट फाइलींत असतात. त्यातल्या अनेक मूळ प्रकल्प देतो, पण वितरणाच्या बाकीच्या सेवांशी त्या जुळवायच्या कोणी? मेंटेनरनेच.

एक लहानशी गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. एनएफएस सर्व्हरवर एक्स्पोर्ट्स ही फाइल असते. एका ओळीत फोल्डर, मग यंत्राचे नाव आणि त्याला चिकटून कंसात परवानगी. यंत्राचे नाव आणि कंस यांच्यामध्ये एक स्पेस पडली तर अर्थ पालटतो : त्या यंत्राला नेहमीची परवानगी मिळते आणि कंसातली वाचण्या-लिहिण्याची परवानगी बाकी सगळ्या जगाला. सूचनापुस्तिकांत याचा इशारा वर्षानुवर्षे दिलेला आहे. डेबियनचे सर्व्हर पॅकेज बसवल्यावर ही फाइल येते, पण तिच्यात फक्त टिपणीत झाकलेली उदाहरणे असतात. पॅकेज नुसते बसवल्याने एकही फोल्डर उघडा पडत नाही, आणि उदाहरणे योग्य पद्धतीने लिहिलेली असल्यामुळे नवशिक्या त्यांचीच नक्कल करतो. असे सावध निर्णय हे मेंटेनरच्या कामाचे मर्म आहे आणि कोणत्याही जाहिरातीत ते दिसत नाही.

कायदेशीर आणि धोरणात्मक गाठी निराळ्याच. एएफएसचा जन्म १९८० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात, आयबीएमच्या साहाय्याने चाललेल्या अँड्र्यू प्रकल्पात झाला. पुढे ट्रान्सआर्क कंपनीने ते विकले, आयबीएमने ती कंपनी घेतली आणि २००० साली मूळ कोड खुला केला. पण ज्या आयबीएम परवान्याखाली तो खुला झाला, तो लिनक्स कर्नेलच्या जीपीएल परवान्याशी जुळत नाही. त्यामुळे ओपनएएफएस कर्नेलच्या मुख्य कोडमध्ये जाऊ शकत नाही. ते कायम बाहेरचे मॉड्यूल राहते. डेबियन त्याचा कोड देते आणि डीकेएमएस ही यंत्रणा तो वापरकर्त्याच्या यंत्रावर, त्याच्या कर्नेलसाठी, तिथल्या तिथे कंपाइल करते. कर्नेलच्या हेडर फाइली बसवलेल्या नसतील तर मॉड्यूल बनत नाही. फेडोराने बाहेरची कर्नेल मॉड्यूल घ्यायचीच नाहीत असे धोरण ठेवले आहे, त्यामुळे तिथल्या वापरकर्त्याला ओपनएएफएस आरपीएम फ्यूजन या स्वतंत्र भांडारातून घ्यावे लागते. प्रत्येक नव्या कर्नेलमध्ये आतली काही फंक्शन बदलतात किंवा नाहीशी होतात आणि प्रत्येक वेळी या मॉड्यूलला नवा पॅच लागतो.

लस्टरची कथा आणखी बोलकी आहे. त्याचा क्लायंट २०१३ मध्ये लिनक्स ३.११ च्या 'स्टेजिंग' विभागात घेतला गेला. तिथे सुधारून मुख्य कर्नेलमध्ये जावा अशी अपेक्षा होती. पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, लिनक्स ४.१८ मधून तो काढून टाकला गेला, कारण मुख्य विकास बाहेरच्या कोडमध्येच चालू राहिला आणि स्टेजिंगमधला मागे पडला. आजही लस्टर चालवणाऱ्याला त्याच्या क्लायंटला चालेल असेच कर्नेल निवडावे लागते. साम्बाच्या बाबतीत अडसर वेगळा होता. साम्बा ४.० ने डिसेंबर २०१२ मध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर दिला, पण तो हाइमडाल या कर्बेरॉसवर बांधलेला होता. फेडोरा एमआयटीचे कर्बेरॉस वापरते. दोन्ही एकत्र नांदवणे शक्य नसल्याने फेडोराच्या पॅकेजातून तो भाग वगळलेला राहिला. २०१७ मध्ये साम्बा ४.७ मध्ये एमआयटी कर्बेरॉसचा आधार प्रायोगिक स्वरूपात आला, तेव्हा फेडोरा २७ मध्ये तो मिळू लागला. पाच वर्षांची वाट.

या सगळ्याला वेळापत्रकाची चौकट असते. डेबियन १२ साठी १२ जानेवारी २०२३ रोजी मोठ्या लायब्ररींचे बदल थांबले. १२ फेब्रुवारीला सौम्य फ्रीझ, १२ मार्चला कडक फ्रीझ, २४ मे रोजी पूर्ण फ्रीझ आणि १० जूनला प्रकाशन. फ्रीझच्या काळात नवे काही येत नाही. असलेल्या पॅकेजातले गंभीर बग काढायचे असतात. ठरल्या मुदतीत गंभीर बग सुटला नाही तर सर्वसाधारण पॅकेज त्या आवृत्तीतून आपोआप वगळले जाते. म्हणजे फेब्रुवारीत नोंदवलेला बग दुरुस्त होण्याची शक्यता मोठी असते. जुलैमध्ये नोंदवलेला तोच बग स्थिर आवृत्तीच्या कडक नियमांतून जातो आणि सुटायला महिने लागतात. डेबियनमध्ये झालेल्या कामाचा मोठा हिस्सा पुढे उबुंटूत जातो, आणि सी-डॅकच्या बॉस लिनक्सची पायाभरणीही डेबियनवरच झालेली आहे. तिथे एक दुरुस्ती झाली की ती अनेक ठिकाणी पोचते.

केंद्रप्रमुखहो, आता मुख्य मुद्दा. डेबियनचे बहुतेक काम स्वयंसेवकांचे आहे. फाइल सिस्टिमच्या पॅकेजांना हात त्याहून कमी, कारण त्यासाठी कर्नेल, नेटवर्क, सुरक्षा आणि पॅकेजिंग या चारही गोष्टी थोड्याथोड्या याव्या लागतात. आणि एक गोष्ट कोणत्याही एकट्या स्वयंसेवकाकडे नसते : खरी, जुनी, गर्दीची मांडणी. घरच्या लॅपटॉपवर एक सर्व्हर आणि एक क्लायंट अशी दोन आभासी यंत्रे चालवता येतात. एकाच वेळी सत्तर विद्यार्थी लॉगिन करतात, सगळ्यांचे ब्राउझर होम डिरेक्टरीत लॉक मागतात, मध्येच वीज जाते आणि सर्व्हर परत येतो, ही परिस्थिती लॅपटॉपवर उभी राहत नाही. ती आपल्याकडे रोज असते. या कामात आपली संस्था ज्या जागेवरून मदत करू शकते, ती जागा दुसऱ्या कोणाकडे नाही.

म्हणून काही मागण्या.

पहिली : ज्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरला या कामात रस आहे, त्याला आठवड्यातले काही तास कार्यालयीन वेळेत यासाठी द्या आणि त्या तासांची नोंद त्याच्या कामात करा. आज अनेक जण हे काम रात्री घरी करतात आणि मूल्यमापनाच्या अर्जात त्यासाठी रकाना नसतो. नव्या दालनाच्या केबलिंगची नोंद होते, तशी स्वीकारल्या गेलेल्या पॅचचीही व्हावी.

दुसरी : येणाऱ्या आवृत्तीचे फ्रीझ जाहीर झाले की दोन-चार जुनी यंत्रे बाजूला काढा. त्यावर सध्याची स्थिर आवृत्ती आपल्या खऱ्या सेटिंगसह बसवा आणि मग नव्यावर अपग्रेड करा. माउंट होते का, लॉक मिळतात का, सर्व्हर मध्येच बंद करून पुन्हा सुरू केला तर क्लायंट सावरतात का, यंत्र नीट बंद होते का, एवढे पाहा. काही अडले तर रिपोर्टबग वापरून नोंदवा : आवृत्ती, सेटिंगच्या संबंधित ओळी, लॉग आणि दोष पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या. 'एनएफएस चालत नाही' एवढ्याच नोंदीने मेंटेनरचा दिवस जातो; पायऱ्या दिलेल्या नोंदीने बग तासाभरात हाती लागू शकतो.

तिसरी मागणी प्राध्यापकांसाठी. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत पॅकेजच्या स्वयंचलित चाचण्या लिहिण्याचे काम घ्या. डेबियनमध्ये ऑटोपीकेजीटेस्ट ही चौकट आहे : पॅकेज बसवायचे, प्रत्यक्ष वापरून पाहायचे, निकाल नोंदवायचा. नेटवर्क फाइल सिस्टिमसाठी अशी चाचणी लिहायला सर्व्हर, क्लायंट, वापरकर्ते आणि बिघाड अशी सगळी मांडणी स्क्रिप्टमधून उभी करावी लागते. त्यातून ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क हे दोन्ही विषय विद्यार्थ्याच्या हाताखालून जातात, त्याच्या कामाचे परीक्षण जगातले जाणते लोक करतात आणि स्वीकारलेली चाचणी पुढची कित्येक वर्षे प्रत्येक बदलानंतर चालत राहते.

ज्या संस्थांकडे वेळ नाही पण निधी आहे, त्यांच्यासाठीही वाट आहे. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांना एकूण पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, आणि त्यातल्या नंतरच्या एलटीएस टप्प्याचा खर्च फ्रेक्सियन या कंपनीमार्फत प्रायोजकांच्या वर्गणीतून भागतो. चार-पाच वर्षे यंत्रे न बदलणाऱ्या आपल्या प्रयोगशाळा या सेवेच्या थेट लाभार्थी आहेत.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला सुरक्षेचा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संकुचनाच्या लायब्ररीत मागचे दार सापडले. दमलेल्या एकट्या मेंटेनरचा विश्वास दोन-अडीच वर्षे कमावून कोणीतरी ते आत घातले होते. मग अनोळखी संस्थांची मदत वितरणांनी घ्यावी तरी कशी? उत्तर त्याच घटनेत आहे : एकट्यावर भार पडला की त्याच्याकडे पडताळायला वेळ उरत नाही. आपल्या माणसांनी आल्या आल्या अधिकार मागू नयेत. बग नोंदवावेत, इतरांच्या नोंदी तपासाव्यात, पॅच पाठवावेत आणि त्यांचे परीक्षण होऊ द्यावे. संस्थेच्या नावाने, उघडपणे, अनेक वर्षे केलेल्या अशा कामातून जो विश्वास तयार होतो तो पारखता येतो.

दुसरा आक्षेप पैशांचा : 'आम्ही सशुल्क आवृत्ती घेतो, देखभाल त्यांची.' सशुल्क आधार घेण्यात गैर काही नाही, आणि मूळ एनएफएस-युटिल्सची धुराही रेड हॅटमधल्या अभियंत्याने वर्षानुवर्षे वाहिली आहे. पण बहुतेक ठिकाणी तो आधार दोन-चार सर्व्हरपुरता असतो. प्रयोगशाळेतली शेकडो क्लायंट यंत्रे उबुंटू किंवा डेबियनवर चालतात. शिवाय ८ डिसेंबर २०२० रोजी सेंटओएस लिनक्स ८ एका वर्षात बंद करण्याची घोषणा झाली, आणि ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ ची मुदतही संपली, तेव्हा त्यावर उभ्या असलेल्या संस्थांना दुसऱ्या वितरणाकडे जावे लागले. वितरण बदलते तेव्हा फाइल सिस्टिमची प्रत्येक सेटिंग नव्याने तपासावी लागते. ज्यांच्या माणसांना पॅकेजच्या आत काय असते ते ठाऊक आहे, त्यांना हे स्थलांतर झेपते.

आपल्याकडे या कामाची परंपरा अगदीच नाही असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक परिषद, डेबकॉन्फ, कोचीला झाली. भारतात ती पहिल्यांदाच आली. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो, कारण मराठी माणसांनी बसून त्याची वाक्ये भाषांतरित केली. भाषेसाठी जे झाले ते साठवणीसाठीही होऊ शकते, आणि साठवणीच्या कामाला लागणारी यंत्रे, माणसे आणि रोजचा वापर हे तिन्ही आपल्या आवारात आहेत.

डेबियनची नवी स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. डेबियन १३ ही ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. पुढच्या आवृत्तीची चाचणी-शाखा उघडी आहे आणि कोणालाही आजच उतरवून घेता येते. या सत्रात आपल्या केंद्रातले एक यंत्र तिच्यासाठी राखून ठेवा, एका माणसाची त्यावर नेमणूक करा, आणि फ्रीझ लागण्यापूर्वी आपल्या संस्थेच्या नावाने निदान एक नीट लिहिलेला बग किंवा चाचणी डेबियनकडे पाठवा, ही आग्रहाची विनंती.